फुटका दाणा कुणाचा

आमच्या दादाला मशीन दिसलं की ते उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, लालासाहेब. उमेदीची सगळी वर्षं त्याने लष्करात ट्रकांची इंजिनं खोलण्यात घालवली आणि पेन्शनीवर गावी आला. आता तो स्वस्थ बसेल असं आम्हाला वाटलं होतं. पण पहिल्याच महिन्यात त्याने आईचं जातं मोटरीवर फिरवायचा घाट घातला. आईने त्याला मोटरीसकट सोप्यातून बाहेर काढलं. मग त्याने विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज कमी करायला घेतला. आवाज इतका कमी झाला की इंजिन पुन्हा चालूच होईना, आणि इस्लामपूरहून मिस्त्री बोलवावा लागला.

शेंगा फोडायचं मशीन मात्र त्याने विचार करून आणलं. निदान तो तसं सांगत होता. आमच्या गावाला खाली नदीकाठी ऊस आणि वर माळाला भुईमूग. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि त्या साली शेंग बरी आली होती. दादाने आमच्या माळाच्या शेंगा एका पिशवीत घातल्या, एस.टी.त बसला आणि कुपवाडच्या एका कारखान्यात जाऊन त्या शेंगांच्या मापाने मशीन बनवून घेतलं. मी साताऱ्याला शाळेत शिकवत असे. दिवाळीला माहेरी आले तेव्हा ते मशीन अंगणात उभं होतं आणि दादा त्याला ऊन लागू नये म्हणून स्वतःचं पांघरूण घालत होता. वहिनी म्हणाली, "मला मलेरिया झाला तवा बी एवढं केलं न्हवतं यांनी."

मशीन तसं साधंच होतं. लोखंडाचं अर्धगोल पोट, त्याच्या तळाला जाळी आणि वर मागे-पुढे हलवायचं लांब हँडल. पोटात शेंगा ओतायच्या आणि हँडल मारायचं. हँडलाच्या खालचे लोखंडी दाते शेंगा जाळीवर रगडत, टरफल फुटे आणि दाणे-टरफलं एकत्रच खाली पडत. ती सुपाने पाखडून घ्यायची. दहा बायका दिवसभर बसून जेवढं फोडत, तेवढं हे मशीन दुपारपर्यंत फोडील, असं दादा ज्याला त्याला थांबवून सांगत होता.

त्याआधी आमच्याकडे शेंगा हातानेच फोडत. शेंग वाळली की ज्याचं खळं त्याच्या अंगणात बायका गोल करून बसायच्या. शेंगेचं टोक अंगठ्याखाली धरून दाबलं की शेंग उघडते. नीट दाबली तर दाणा अख्खा निघतो, चुकली तर फुटतो किंवा त्याच्या दोन पाकळ्या होतात. मजुरी पायलीमागे ठरलेली असे. पण बायकांना त्या मजुरीहून मोलाची होती ती दुसरी रीत. फुटका दाणा फोडणारणीचा. फुटलेला दाणा टिकत नाही, चार दिवसांत खवट होतो, सांगलीचा तेलगिरणीवाला तो बघून भाव पाडतो. म्हणून मालकाला तो नकोच असे. बायका तो साठवून गावातल्या घाण्यावर नेत आणि ज्यांच्या घरी गुंठाभर जमीन नव्हती त्यांच्याही घरात वर्षाचं तेल येई.

कुणाच्याही मनात येईल की मग बायका मुद्दाम दाणा फोडत असतील. त्यावर इलाज होता. संध्याकाळी उठताना प्रत्येकीने आपली ओटी घरच्या मालकिणीपुढे उघडून दाखवायची. पदरात किती फुटके जमलेत ते सगळ्यांच्या देखत दिसायचं. मालकीण एक शब्द बोलत नसे, नुसती बघायची. जिची ओटी फुगलेली, तिला पुढच्या साली बोलावणं जात नसे. त्यामुळे तेल तर हवं आणि ओटी लहान दिसायला हवी, अशा कात्रीत बायका शेंगा फोडत. मला ती रीत लहानपणी क्रूर वाटायची. मोठी झाल्यावर कळलं, तिच्यात दोन्ही बाजूंची सोय होती आणि दोन्ही बाजूंना लाज होती, म्हणून ती टिकली होती.

गावात सगळ्यांत लहान ओटी हरणाबाईची. हरणाबाई मूळची आमच्याकडची नव्हे. जतच्या बाजूची धनगराची बाई. दुष्काळात नवरा अर्जुना आणि ती मेंढरं घेऊन खाली आली. मेंढरं निम्मी वाटेत गेली, उरलेली इथे विकली, आणि दोघं माळाच्या कडेला झोपडी घालून राहिली. पहिल्या साली तिला कुणी शेंगा फोडायलाही बोलावलं नव्हतं. बनुबाई नावाच्या आमच्या गल्लीतल्या बाईने एकदा सोबत नेलं आणि तिची ओटी बघून त्या घरच्या मालकीण, म्हणजे नानासोंची बायको रंगूकाकी, पहिल्यांदाच तोंडाने बोलल्या. म्हणाल्या, "हात हाय गं बाई तुला." तेव्हापासून ज्या घरांत हरणाबाईला उंबऱ्याच्या आत पाणी मिळालं नसतं, त्या घरांतून तिला नाव घेऊन बोलावणं यायला लागलं. 'हरणाबाईला सांगा, मग बाकीच्या' असं म्हणत. गावात तिचं म्हणून जे काही होतं ते एवढंच, हाताचं नाव.

दादाने मशीनवर माणूस म्हणून तिलाच घेतलं. त्यात त्याची हुशारी होती. हरणाबाई हँडल मारतेय म्हटल्यावर लोक विश्वासाने शेंगा देतील हे त्याने ओळखलं होतं. सोबत शेंगा ओतायला आणि पाखडायला बनुबाई. दोघींना दिवसाची मजुरी. पहिलं खळं नानासोंचं ठरलं. नानासो आमच्या भावकीतले, गावातले मोठे बागायतदार, मोजकं बोलणारे. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आन् फुटक्याचं कसं?"

"रीत हाय ती हाय की, काका," दादा म्हणाला. "फुटका फोडणारणीचा."

नानासोंनी मान हलवली. पुढच्या सगळ्याची सुरुवात इथे झाली, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. हरणाबाईच्या हाती हँडल आहे म्हणजे फुटून फुटून किती फुटणार, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

सकाळी नानासोंच्या अंगणात ही गर्दी जमली. दादाने आधी स्वतः चार हात मारून दाखवले. मग हरणाबाई पुढे आली. तिने पदर खोचला, हँडलाला हात लावून कपाळाला लावला आणि सुरू केलं. सुरुवातीला तिला अंदाज येईना. पण थोड्या वेळात लय सापडली आणि मशीन खडखड चालायला लागलं. टरफलांचा ढीग वाढू लागला तशी माणसं हसू-बोलू लागली. दादा छाती काढून फिरत होता. रंगूकाकींनी सगळ्यांना दोनदा चहा दिला, त्यातही एकदा न मागता.

दुपारनंतर बनुबाईचं पाखडणं हळू पडायला लागलं. मी जवळच बसले होते. तिच्या सुपात अख्ख्या दाण्यांबरोबर पाकळ्या आणि चुरा दिसत होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. बनुबाईने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पाखडायला घेतलं. हरणाबाईलाही ते दिसलं. तिने हँडल हळू मारून पाहिलं, मग जोरात, मग शेंगा कमी ओतायला सांगितलं. काही केल्या फरक पडेना. ती थांबून दादाकडे बघू लागली तेव्हा तो कुणाला तरी कुपवाडच्या कारखान्याचं कौतुक ऐकवत होता. मी त्याला हाक मारली तर म्हणाला, "नवं मशीन हाय शाले, जरा बसू दे त्याला." मशीन काय नवी नवरी आहे का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण चारचौघांत भावाला काय बोलायचं.

दिवस कलताना शेवटची पाटी संपली. चाळण लावून अख्खा दाणा एकीकडे आणि फुटका एकीकडे केला. फुटक्याचा ढीग माझ्या गुडघ्याला लागला. इतका फुटका दाणा एका ठिकाणी त्या गावात कुणी बघितला नव्हता. दादा खाली बसला, एक शेंग उचलून जाळीवर धरली आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने माप नेलं होतं आमच्या माळाच्या बारक्या शेंगेचं. नानासोंची शेंग पाण्याखालची, टपोरी. त्या जाळीवर ती भरडली जात होती.

मी हरणाबाईकडे बघितलं. तिचे हात पदराखाली गेले होते. आता ओटी दाखवायची वेळ होती आणि तिची ओटी म्हणजे तो गुडघाभर ढीग. तिचं नाव आज जातंय, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं.

नानासोंनी घसा साफ केला. "एक गोष्ट पयल्यांदा सांगतो," ते म्हणाले. "ह्यात हरणाबाईची चूक न्हाई. तिच्या हातानं दाना फुटत न्हाई हे समद्या गावाला ठाव हाय. हे मिशीननं फोडलंय. तिला कुनी बोल लावायचा न्हाई."

बायकांनी सुस्कारा सोडला. दादाही उभा राहिला. "बरोबर बोललासा, काका. चूक माजी हाय. जाळी चुकली."

"व्हय. आन् मिशीननं फोडलं म्हटल्यावर फुटका तिचा कसा हुईल? फोडनारीन ती न्हवंच. ते आमच्याच पोत्यात जाऊ दे. लगीच घाण्यावर घालतो. तिला दिसाची मजुरी हायच. बोल बी न्हाई, तोटा बी न्हाई."

"तसंच करूया," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता आणि मला त्याचा राग आला. नानासो वाईट माणूस नव्हते. त्यांचं नुकसान खरं होतं आणि हरणाबाईबद्दलचा मानही खरा होता. माझा भाऊ तर सगळी चूक अंगावर घेऊन मोकळा झाला होता. दोघं पुरुष एकमेकांशी इतक्या भलेपणाने बोलत होते की त्या भलेपणात कुणाची तरी वस्तू हातची जातेय, हे त्यांना दिसतच नव्हतं. दादाचं मशीन चाललं तर पुढच्या साली गावात आणखी दोन येणार, त्याच्या पुढच्या साली घरटी एक. मग हाताने शेंगा फोडणार कोण? आणि मशीनने फोडलेला दाणा मशीनचा, नाही तर मालकाचा, हे आज ठरलं की कायमचं ठरलं. मला हे सगळं समजत होतं आणि तरी मी बोलले नाही. माझ्या बोलण्याने काही होणारही नव्हतं. मी फोडणारीण नव्हते.

बनुबाई सूप खाली ठेवून हरणाबाईजवळ सरकली. हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं, "नाव ऱ्हायलं गं तुजं. तेवढं तरी बरं झालं." मग थोडं थांबून, "आता फुटक्याला हात लावायचा न्हाई म्हना की आपुन."

हरणाबाईने एकदा ढिगाकडे बघितलं. मग नानासोंकडे वळली.

"आवं नानासो, मिशीननं न्हाई. म्या फोडलं."

नानासोंना वाटलं तिला कळलं नाही. ते समजुतीने म्हणाले, "आगं, तुज्यावर कोन बोल लावतंय? जाळी बारीक हाय त्याची."

"जाळी आसंल बारीक. हँडल कुनाच्या हातात हुतं? माज्या. सकाळधरनं मीच मारतीया, समद्यांनी बघितलंय. मिशीन रातभर हितं उभं केलं तर एक शेंग तरी फोडंल का ते?"

"पर हरणाबाई, तुज्या हातानं दाना फुटत न्हाई," दादा काकुळतीला येऊन म्हणाला. तो तिला वाचवायला बघत होता आणि ती वाचायला तयार नव्हती.

"आज फुटला," ती म्हणाली.

मग ती खाली वाकली, पदर पसरला आणि दोन्ही हातांनी फुटका दाणा त्यात भरू लागली. पदरात मावेनासा झाला तेव्हा उठली, रंगूकाकींपुढे जाऊन उभी राहिली आणि ओटी उघडून धरली. "बघा वयनी. ऱ्हायलेला तिथं खाली हाय, त्यो बी माजाच."

रंगूकाकींनी नवऱ्याकडे बघितलं. पण ओटी बघायचं काम मालकिणीचं, त्यात पुरुषाने पडायचं नसतं. नानासो खाली मान घालून उभे होते. रंगूकाकींनी ओटीकडे बघितलं, चांगलं निरखून, आणि रीतीप्रमाणे एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. पहिल्या सालच्या 'हात हाय गं बाई तुला' मधलं काही त्यात उरलं नव्हतं. ओटी बघितली म्हणजे झालं. फुटका हरणाबाईचा ठरला आणि तो तिनेच फोडला हेही ठरलं.

पदरातला आणि राहिलेला दाणा दोन पोत्यांत भरला. एक बनुबाईने उचललं, एक तिने. हरणाबाईने वाटेतच बनुबाईला सांगून टाकलं की तुझ्या डोक्यावरचं तुझं. मी त्यांच्याबरोबर घाण्यापर्यंत गेले. लोक दारात उभे राहून बघत होते. बनुबाई पुढे निघून गेल्यावर मी हरणाबाईला विचारलं, असं कशाला केलंस, मशीनने फोडलं म्हणायचं होतंस.

"मंग बनुबाईच्या घरात तेल कुठनं येनार?" ती म्हणाली. थोडं चालल्यावर आपणहून पुढे बोलली, "रडू आलं मला, खरं सांगते. कवा ओटी झाकायची पाळी आली न्हवती, बाई. आज पार उघडी पडली." तिने पदराने नाक पुसलं आणि पोतं डोक्यावर सारखं केलं. मी नुसती तिच्या पोत्याला हात लावून चालत राहिले.

दादाने मशीनचं भाडं घेतलं नाही आणि भरपाई म्हणून आमच्या खळ्यातली शेंग नानासोंच्या घरी पोचती केली. दुसऱ्याच दिवशी तो कुपवाडला गेला आणि टपोऱ्या शेंगेची वेगळी जाळी घेऊन आला. दोन जाळ्यांवर मशीन झकास चाललं. फुटका दाणा अगदी थोडा पडायला लागला, आणि नंतर ज्याचं ज्याचं खळं झालं तिथे तो हँडल मारणारणीच्या ओटीत गेला. त्यावर कुणी हरकत घेतली नाही. नानासोंच्या अंगणात एकदा ठरलेलं पुन्हा कोण उकरून काढणार? हरणाबाई मात्र पुन्हा हँडलवर आली नाही. दादाने दोनदा बोलावलं, ती पाखडायला बसली. लोकांनी तिला हँडल द्यायला नको म्हणून सांगितलं होतं, हे दादाने मला फार उशिरा सांगितलं.

पुढच्या दिवाळीला मी आले तेव्हा मशीन नानासोंच्याच अंगणात चाललं होतं. दादाने आणखी एक बनवून घेतलं होतं, तेही शेजारी खडखडत होतं. हँडलवर गल्लीतल्या तरण्या बायका होत्या, बनुबाई शेंगा ओतत होती, हरणाबाई भिंतीशी बसून पाखडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिचे केस वर्षभरात बरेच पिकले होते.

एवढ्यात हँडलवरच्या पोरीचा हात जोरात पडला असावा. पाटीत चांगल्या मूठभर पाकळ्या पडल्या. तशी दुसरी हसून म्हणाली, "आज हरणाबाईचा हात लागला वाटतं."

सगळ्या हसल्या. वर्षभरात तसं म्हणायची पद्धतच पडली होती हे मला त्यांच्या हसण्यावरून कळलं. दाणा फुटला की हरणाबाईचा हात. त्यांना काही माहीत नव्हतं असंही नाही. बनुबाई तर त्या दिवशी शेजारी उभी होती, दोनातल्या एका पोत्याचं तेल तिच्या घरी गेलं होतं. तीही हसली. हसून झाल्यावर त्या पोरीने फुटक्या पाकळ्या निवडून आपल्या ओटीत टाकल्या आणि पुन्हा हँडल धरलं.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी उठले, दोन शब्द सुनावणारच होते. हरणाबाईने बसल्या बसल्या माझा हात धरून मला खाली ओढलं.

"म्हनू द्या बाई," ती म्हणाली आणि सूप पुन्हा उचललं. "फुटका घरी नेत्यात न्हवं?"